आधी कुठला पट्टा?

मी बरीच वर्षं पाठीला पॅराशूट बांधून विमानाच्या कसरती केल्या, आणि त्या सगळ्या काळात वेळ आली असती तर मला विमानातून बाहेर पडता आलं नसतं. पॅराशूट चांगलं होतं. माझ्या वजनाला योग्य होतं, त्याची तारीखही उलटलेली नव्हती. खोट माझ्यात होती, आणि ती इतकी साधी होती की आज लिहितानाही अस्वस्थ व्हायला होतं.

मी मूळचा सांगलीचा, नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात स्थायिक झालो. पायलटचा परवाना काढल्यावर काही वर्षांनी एरोबॅटिक्स शिकलो आणि मग सेंट्रल व्हॅलीतल्या एका छोट्या विमानतळावरून सुपर डेकॅथलॉन हे विमान भाड्याने घेऊन सुट्टीच्या दिवशी उडू लागलो. एकामागे एक अशा दोन सीट, डोक्यावर पंख, उजव्या बाजूला एकच दार, 180 अश्वशक्तीचं इंजिन. विमान उलटं असतानाही इंधन आणि ऑइल पोचत राहील अशी सोय. स्वतःच्या वजनाच्या सहापट भार सरळ आणि पाचपट उलटा सोसेल एवढी ताकद. लूप, रोल, स्पिन, हॅमरहेड, सगळं त्यात करता येतं. या छंदाबद्दल सांगलीला फोनवर बोलणं व्हायचं तेव्हा दादांचा, म्हणजे वडिलांचा, एकच प्रश्न असायचा: "छत्री असते ना पाठीला?" मी म्हणायचो, "असते की." त्यांचं समाधान व्हायचं. माझंही.

या समाधानाला नियमांचा आधार होता. अमेरिकेत विमानात चालकांखेरीज आणखी कोणी असेल आणि विमान 60 अंशांहून जास्त कलणार असेल, किंवा नाक क्षितिजाच्या 30 अंशांहून अधिक वर-खाली जाणार असेल, तर आतल्या प्रत्येकाने मान्यताप्राप्त पॅराशूट घातलंच पाहिजे. एकटे असाल तर सक्ती नाही. नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याचं पॅराशूट असेल तर परवानाधारक रिगरने गेल्या 180 दिवसांत ते उघडून, तपासून, पुन्हा घडी घातलेलं हवं. 2008 च्या अखेरीपर्यंत ही मुदत 120 दिवसांची होती. रेशमी असेल तर 60 दिवसच. घडी झाली की रिगर पिनेला धागा बांधून त्यावर शिशाचं सील दाबतो आणि कार्डावर तारीख घालून सही करतो. मी उड्डाणाआधी हे कार्ड न चुकता बघायचो आणि तिथेच थांबायचो. त्या नियमात पॅराशूटविषयी सगळं आहे, पण ते घालणाऱ्याला ते वापरता येतं का, याविषयी एक अक्षर नाही. मीही ते कधी स्वतःला विचारलं नाही. हेल्मेट कोपरात अडकवून स्कूटर चालवणाऱ्या माणसाइतकंच माझं संरक्षण होतं.

आता पट्ट्यांविषयी थोडं तपशिलाने सांगतो, कारण सगळी गोम तिथे आहे. पॅराशूट साधारण सातेक किलोचं, पाठीवर सपाट बसणारं. त्याला छातीवर एक पट्टा आणि दोन मांड्यांना दोन पट्टे. ते घालून सीटवर बसलं की त्यावरून विमानाचे पट्टे येतात: दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक पायांमधून. हे पाचही एका बकलात अडकतात. शिवाय कमरेला आणखी एक वेगळा पट्टा, पहिलं बकल चुकून सुटलं तर असावा म्हणून. म्हणजे छाती ते मांडी एवढ्या वीतभर जागेत कड्या आणि बकलं यांची गर्दी. त्यांतली काही तुम्हाला विमानाशी बांधून ठेवतात आणि काही पॅराशूटशी. संकटात पहिली सोडायची, दुसऱ्यांना हातही लावायचा नाही.

माझी सवय अशी पडली होती. व्हॅलीतला उन्हाळा भयंकर. उतरल्यावर विमान धावपट्टीवरून हँगरकडे नेता नेताच मी छातीवरचा पॅराशूटचा पट्टा सोडायचो, जरा मोकळं वाटायचं. इंजिन बंद केलं की विमानाची दोन्ही बकलं, त्याच ओघात मांड्यांचे पट्टे, आणि पॅराशूट सीटवर तसंच ठेवून हलक्या अंगाने बाहेर. हे मी प्रत्येक उड्डाणानंतर केलं. सात किलोचं ओझं घेऊन त्या अरुंद दारातून उतरायचा कंटाळा, एवढंच कारण. माझे हात यातून काहीतरी शिकत होते, हे डोक्यातच आलं नाही.

ज्या दिवसाने हे सगळं बाहेर काढलं त्या दिवशी मी एकटाच होतो आणि हॅमरहेडचा सराव करत होतो. यात विमान सरळ वर चढवायचं, वेग जवळजवळ संपत आला की डावं रडर पूर्ण दाबून पंखाच्या टोकावर वळवायचं आणि आलेल्या वाटेने सरळ खाली यायचं. वरच्या टोकाला इंजिन पूर्ण ताकदीवर असतं, त्याच्या फिरण्याचा परिणाम मोडायला स्टिक थोडी पुढे आणि थोडी उजवीकडे धरावी लागते. त्या दिवशी मी रडर उशिरा दाबलं आणि ती चूक झाकायला स्टिक जास्तच पुढे ढकलली. पूर्ण ताकद, पूर्ण रडर, स्टिक पुढे: उलट्या स्पिनला आमंत्रण द्यायचं असेल तर याहून चांगली कृती नाही. क्षणभर सगळं थांबल्यासारखं झालं आणि मग मी पट्ट्यांना लटकलेला, डोक्याच्या दिशेने जमीन आणि ती फिरते आहे.

उलट्या स्पिनमध्ये एक विचित्र फसगत असते. विमान ज्या बाजूला लोळताना दिसतं त्याच्या विरुद्ध बाजूला त्याचं नाक वळत असतं. डोळे लोळण्याला भुलले की पाय चुकीचं रडर दाबतात आणि स्पिन घट्ट होतो. माझं नेमकं तेच झालं. पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. तरी मी चुकीच्या पायावर जोर देऊन बसलो होतो आणि विमान ऐकत कसं नाही म्हणून आणखी जोर देत होतो. शेवटी इंजिनची ताकद काढली, स्टिक सोडली, आणि जे पेडल जड लागतंय ते तळापर्यंत दाबलं. एरिक म्युलर आणि जीन बेग्ज या दोघांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. ती प्रत्येक विमानाला लागू पडत नाही हे बेग्ज यांनी स्वतः तपासून सांगितलेलं आहे, पण माझ्या विमानाने त्या दिवशी ऐकलं. फिरणं थांबलं, नाक खाली, वेग वाढला, आणि मी विमान सरळ केलं तेव्हा खाली बदामाच्या बागेतल्या झाडांच्या ओळी वेगवेगळ्या मोजता येत होत्या. जमिनीपासून हजार-बाराशे फूट. कसरतींची कायदेशीर खालची मर्यादा 1,500 फूट आहे, मी तिच्याही खाली होतो.

विमानतळावर उतरून मी बराच वेळ सीटवरच बसून होतो. हात कापत होते. तो सगळा प्रसंग मनात मागून पुढे, पुढून मागे फिरवत होतो आणि एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. वरपासून खालपर्यंत एकदाही मला पॅराशूट आठवलं नव्हतं. "बाहेर पडावं का?" असा प्रश्न उमटून मी नको म्हटलं असतं, तर तो निर्णय झाला असता, चुकीचा का असेना. इथे प्रश्नच उमटला नव्हता. आणि हे सुचत असतानाच माझी नजर छातीवर गेली. पट्टा सुटलेला होता. धावपट्टीवरून येताना नेहमीसारखाच, नकळत.

ज्यांच्याकडे मी एरोबॅटिक्स शिकलो त्या बाईंना मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. त्यांनी उपदेश केला नाही. पुढच्या शनिवारी हँगरमध्ये बोलावलं, पॅराशूट घालून, सगळे पट्टे उड्डाणाला आवळतो तसे आवळून विमानात बसवलं आणि डोळे मिटायला सांगितलं. मग म्हणाल्या, "विमान मोडलंय. बाहेर पड."

माझा हात सरळ छातीवर गेला. खट्. पॅराशूटचा पट्टा सुटला. मग विमानाची दोन बकलं, मग मांड्या. मी दाराच्या कडीकडे हात नेला तेव्हा त्या म्हणाल्या, "थांब. आता डोळे उघड आणि तुझ्या अंगावर काय आहे ते बघ."

अंगावर शर्ट होता.

त्यानंतर त्यांनी दाराविषयी विचारलं. डेकॅथलॉनचं दार हवेत असताना वाऱ्याच्या दाबाने नीट उघडत नाही, म्हणून बिजागरीची पिन ओढून अख्खं दारच फेकून देण्याची सोय असते. त्यासाठी दारापाशी एक वेगळं हँडल आहे. आधी ते ओढायचं, मग नेहमीची कडी, मग दार बाहेर ढकलायचं. मला हे माहीत होतं, पण ते हँडल मी कधी हातात धरलेलंही नव्हतं. हेडसेटच्या वायरी कशा काढायच्या, पाय आधी कुठे टाकायचा, कशाला धरून अंग उचलायचं, यातलं काहीही मी कधी करून पाहिलं नव्हतं. त्या सकाळी आम्ही ते पुन्हा पुन्हा केलं. पाठीवरचा गठ्ठा दाराच्या चौकटीत अडकतो, हे मला जमिनीवर, उभ्या विमानात कळलं.

पुढची चूक रिगरच्या खोलीत उघड झाली. पॅराशूटची घडी घालायची वेळ जवळ आलीच होती. घडी मोडायचीच असते, तेव्हा हँडल तुम्ही स्वतः ओढून बघा असं बहुतेक रिगर म्हणतात, मी दरवेळी घाईत पिशवी देऊन निघून यायचो. या वेळी थांबलो. लांबलचक टेबल, एका बाजूला दोऱ्यांच्या गुंडाळ्या, सुया, शिशाच्या गोळ्यांचा डबा. म्हाताऱ्या रिगरने मला पॅराशूट घालायला लावलं आणि म्हणाला, ओढ. हँडल डाव्या छातीवर असतं. मी उजव्या हाताने ते आडवं खेचलं. थोडं सरकलं आणि अडकलं. पुन्हा खेचलं, तेवढंच. हे हँडल ओढायला जास्तीत जास्त 22 पौंड, म्हणजे 10 किलोचा जोर लागावा असं मानक आहे, तेव्हा त्यात दोष नव्हता. मी ओढत चुकीचं होतो. तो म्हणाला, आधी हँडलकडे बघ. नजरेने शोध, मग दोन्ही हातांनी धर, आणि हात पूर्ण सरळ होईपर्यंत समोर ढकलल्यासारखं ओढून काढ, केबल बाहेर येईपर्यंत. तसं केलं आणि पाठीमागे फाट् असा आवाज झाला. स्प्रिंगवरचं छोटं पायलट शूट उडून भिंतीवर आपटलं आणि मागोमाग पांढरं कापड जमिनीवर सांडलं. एवढी वर्षं मी ज्याला टेकून बसत होतो त्याच्या आत काय आहे, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

त्या रिगरनेच मला लेफ्टनंट हॅरॉल्ड हॅरिस यांच्या गोष्टीची आठवण करून दिली. 20 ऑक्टोबर 1922 रोजी ओहायोमधल्या डेटनजवळ, मॅककुक फील्डवरून चाचणी उड्डाण करताना त्यांचं विमान हवेत थरथरून मोडू लागलं आणि त्यांनी उडी घेतली. पडता पडता त्यांनी तीनदा जीव खाऊन ओढलं, पण हातात येत होती मांडीच्या पट्ट्याची कडी. योग्य हँडल सापडलं तेव्हा जमीन सुमारे 500 फुटांवर होती. ते एका द्राक्षाच्या मांडवात उतरले आणि वाचले. पॅराशूटने जीव वाचलेल्यांचा जो 'कॅटरपिलर क्लब' लेस्ली अर्विन यांनी सुरू केला, त्याच्या इतिहासातल्या पहिल्यावहिल्या नावांपैकी हे एक. हॅरिस मुरलेले चाचणी वैमानिक होते. त्यांचा हात चुकत असेल तर माझा किती चुकेल, याचा विचार करायला मला एवढा उशीर का लागला, याचं उत्तर माझ्याजवळ नाही.

पण या सगळ्याहून मोठी चूक मला नंतर आठवली, आणि तिच्यासाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही. या प्रसंगाच्या आदल्या उन्हाळ्यात माझा भाचा नाशिकहून आला होता, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. त्याला मी मागच्या सीटवर बसवून लूप आणि रोल दाखवले होते. ताईने फोनवर विचारलं होतं, "सांभाळून ना रे?" आणि मी दादांना द्यायचो तेच उत्तर तिला दिलं होतं. भाच्याला सूचना काय दिल्या? पॅराशूट बांधता बांधता, घाईत: "काही झालं तर मी सांगेन, मग हे हँडल ओढायचं." बस.

हँगरमधल्या त्या शनिवारनंतर मी त्याला फोन केला आणि काय आठवतंय ते विचारलं. तो मोकळेपणाने म्हणाला, "मामा, खरं सांगू? ती मागे टेकायला उशी आहे असंच मला वाटत होतं. हँडलचं आठवतंय. ते आत बसल्या बसल्याच ओढायचं होतं ना?"

आत बसून ओढलं असतं तर पॅराशूट विमानातच उघडलं असतं. कापड दारातून बाहेर खेचलं जाऊन शेपटीत अडकलं असतं तर त्याचं काय झालं असतं, हे मी इथे लिहीत नाही. त्याला मी विमानाचे पट्टे कोणते आणि पॅराशूटचे कोणते हेही सांगितलं नव्हतं. मागच्या सीटवरून दारापर्यंतची वाट पुढच्या सीटमुळे अरुंद होते, तिथून एकदाही त्याला बाहेर येऊन बघायला लावलं नव्हतं. मी वयाने, अनुभवाने मोठा, त्याचा मामा. तो माझ्या भरवशावर बसला होता. मी ताईला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ बोललीच नाही, मग फक्त एवढं म्हणाली की तुला तेव्हा विचारलं होतं ना रे मी.

उंचीचं गणितही मी कधी मांडलेलं नव्हतं. 1,500 फुटांच्या वर आहोत म्हणजे सुरक्षित आहोत, असा माझा समज. पण ती मर्यादा कसरतींसाठी आहे, त्यात बाहेर पडण्याचा हिशेब धरलेला नाही. स्पिनमधलं विमान मिनिटाला पाच-सहा हजार फूट खाली येतं, म्हणजे सेकंदाला ऐंशी ते शंभर. सराव असलेल्या माणसालाही दार फेकून, पट्टे सोडून बाहेर पडायला आठ-दहा सेकंद सहज जातात, तेही विमान फिरत असताना आणि अंग भलतीकडे ओढलं जात असताना. पॅराशूट पूर्ण उघडायला आणखी दोन-तीन. शिवाय "आता हे विमान आपलं नाही" हे स्वतःला पटवायला लागणारी सेकंदं, आणि माझ्या अनुभवाने सांगतो, सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. हातात येईल, आणखी एक गिरकी, येईल, या आशेवर माणूस खाली जात राहतो. हजार-बाराशे फुटांवर मला पॅराशूट आठवलं असतं तरी त्याचा उपयोग झाला नसता.

सिरस या विमानात अख्खं विमान खाली उतरवणारं पॅराशूट असतं, छतातलं एक हँडल ओढलं की झालं. कुठला पट्टा सोडायला नको, उडी मारायला नको. तरीही सुरुवातीच्या वर्षांत ते हँडल न ओढताच माणसं गेली. ते कधी ओढायचं हे आधीच ठरवून तसा सराव करा, यावर प्रशिक्षणात भर दिला जाऊ लागला तसं चित्र सुधारलं. म्हणजे यंत्र कितीही सोपं केलं तरी निर्णय जमिनीवरच करून न्यावा लागतो, वर तो करायला वेळ नसतो.

आता मी नव्या गोष्टींचा सराव जमिनीपासून 5,000 फुटांवर सुरू करतो. 2,500 फुटांवर विमान ताब्यात नसेल तर बाहेर. तो आकडा उंचीमापकाच्या शेजारी चिकटपट्टीवर लिहिलेला असतो. आमच्या सरावाच्या जागेखालची जमीन समुद्रसपाटीच्या जवळपास आहे म्हणून आकडा तसाच चालतो, उंचावरच्या विमानतळावर गेलो की तो बदलून लिहितो. उड्डाण संपल्यावर पॅराशूट अंगावर ठेवूनच उतरतो, कितीही उकडत असलं तरी, आणि विमानापासून चार पावलं दूर गेल्यावरच छातीच्या पट्ट्याला हात लावतो. उतरण्यापूर्वी "दार, पट्टे, बाहेर" असं मोठ्याने म्हणतो. मांड्यांचे पट्टे पूर्वी बसायला बरं म्हणून सैल ठेवायचो, ते आता उभं राहिल्यावर किंचित वाकावं लागेल इतके आवळतो. पॅराशूट उन्हात तापणाऱ्या विमानात ठेवत नाही, सावलीत, कोरड्या जागी नेऊन ठेवतो. पाय आणि गुडघे जुळवून, गुडघे थोडे वाकवून, बाजूवर लोळत जमिनीवर कसं पडायचं ते गवतावर शिकलो. शिकवणारा माझ्या निम्म्या वयाचा होता.

प्रत्यक्ष उडी मी अजून मारलेली नाही. स्कायडायव्हिंगची एखादी उडी घ्यावी की नाही यावर आम्हा कसरती करणाऱ्यांत दोन मतं आहेत. काही म्हणतात, त्याने भीती जाते. काही म्हणतात, तिथली उपकरणं, हँडलची जागा, सगळं वेगळं असतं, हाताला नको ती सवय लागेल. हाताच्या सवयीने मला काय दिलं ते पाहिल्यावर मी सध्या दुसऱ्या बाजूला आहे.

आणि सोबत येणाऱ्यासाठी नियम केला आहे. आधी हँगरमध्ये, विमान उभं असताना, पॅराशूट घालून मागच्या सीटवरून स्वतःहून बाहेर येऊन दाखवायचं. मी मदत करत नाही, सांगतही नाही. पॅराशूट अंगावर असताना बाहेर आलात तर कसरती, नाहीतर नाही. गेल्या वर्षी पुण्याचा एक जुना मित्र आला होता, गुडघेदुखीमुळे त्याला ते जमेना. दोनदा प्रयत्न करून तो चिडला, एवढ्या लांबून आलोय, एक लूप दाखव, काही होत नाही म्हणाला. मी पॅराशूटं हँगरमध्ये ठेवली आणि त्याला सरळ, आडव्या उड्डाणाने किनाऱ्यापर्यंत नेऊन आणलं. परत येताना तो फारसं बोलला नाही. मी त्याची समजूत घालत बसलो नाही.